भाड्याच्या बोटीवर इंजिन आणि गिअरबॉक्सचे ऑइल रोज कसे पाहावे

आपला प्रश्न असा आहे. सप्टेंबरमध्ये ग्रीसच्या लेफकाडा बेटावरून सहा जणांनी मिळून एका आठवड्यासाठी बाराएक मीटर लांबीची शिडाची बोट भाड्याने घ्यायचे ठरले आहे. सोबत खलाशी नाही, बोट आपणच चालवणार. मागच्या खेपेस बोट ताब्यात देताना तिथल्या माणसाने इंजिनाची डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजण्याची पट्टी, अर्धे मिनिट दाखवली आणि आम्ही सगळे तपासलेले आहे असे सांगून तो पुढच्या बोटीकडे निघून गेला. त्यामुळे आठवडाभरात ऑइल पाहण्याची खरोखर गरज असते का, गिअरबॉक्सचेही पाहायचे असते का, आणि कमी दिसल्यास स्वतः भरावे की नाही, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर इंजिनाचे काम शिकलो आणि पुढे बरीच वर्षे लेफकाडाभोवतीच्या आयोनियन समुद्रात भाड्याने जाणाऱ्या बोटींची देखभाल केली. त्या अनुभवावरून माझे उत्तर स्पष्ट आहे. दोन्ही ऑइले रोज सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, आपण स्वतः पाहावीत आणि जे दिसले ते लिहून ठेवावे. लिहून ठेवण्यावर मी मुद्दाम भर देतो आहे, कारण एका दिवसाची पातळी फारसे काही सांगत नाही. कालच्या आणि आजच्या पातळीत पडलेला फरक मात्र पुष्कळ सांगतो.

बोट देणाऱ्या माणसाने खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही, पण त्याची परिस्थिती समजून घ्यावी. भाड्याच्या बोटींचा आठवडा बहुधा शनिवारी बदलतो. आधीचे लोक सकाळी उतरतात, नवे लोक संध्याकाळी चढतात, आणि मधल्या पाच-सात तासांत एकदोन मेकॅनिकांना दहा-बारा बोटी पाहायच्या असतात. पातळी डिपस्टिकवरच्या दोन खुणांच्या मध्ये दिसली की ती बोट त्यांच्यापुरती झाली. मागच्या शनिवारी ती कुठे होती हे पाहायला त्यांना सवड नसते. शिवाय भाड्याच्या बोटीचे इंजिन घरच्या बोटीपेक्षा कितीतरी जास्त चालते. आयोनियन समुद्रात सकाळी वारा पडलेला असतो आणि दुपारनंतर वायव्येकडून भरतो. त्यामुळे सकाळचा प्रवास इंजिनावरच होतो, आणि आठवड्याला वीस-पंचवीस तास सहज भरतात. यानमार कंपनीच्या या आकाराच्या अनेक इंजिनांना २५० तासांनी ऑइल बदलायचे असते. म्हणजे आपल्या हाती आलेली बोट ऑइल बदलल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आहे की दहाव्या, हे आपल्याला ठाऊक नसते. इंजिनाचा तासमापक आणि शेवटच्या सर्व्हिसची नोंद बोट ताब्यात घेतानाच विचारून लिहून घ्यावी.

दुसरे कारण कराराचे आहे. भाड्याच्या करारांमध्ये बहुधा असे कलम असते की ऑइल आणि पाणी रोज पाहण्याची जबाबदारी भाडेकरूची आहे, आणि त्यात हयगय झाल्याने इंजिनाचे नुकसान झाल्यास ते अनामत रकमेतून वसूल होईल. आपला करार या दृष्टीने नीट वाचावा. रोजची नोंद हातात असेल तर आपली बाजू भक्कम राहते. नसेल तर फक्त शब्दाला शब्द उरतो.

आता प्रत्यक्ष पद्धत. शिडाच्या बोटीवर इंजिन बहुधा केबिनमध्ये उतरण्याच्या शिडीमागे असते. शिडी वर उचलली की गॅसचा दट्ट्या ती धरून ठेवतो, पण जुन्या बोटींवर तो थकलेला असतो, म्हणून तिला दोरीने किंवा हुकाने आधी अडकवून टाकावे आणि मगच आत हात घालावा. चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवावी. वर कॉकपिटमध्ये बसलेल्या कोणी उत्साहाने इंजिन सुरू केले आणि आपल्या हाताचे बोट इंजिनाच्या पट्ट्याजवळ असले, तर त्याचा परिणाम काय होईल हे सांगायला नको. बोट सरळ उभी असावी, एका बाजूला कललेली नसावी. शिडे चढवून जाताना घेतलेले माप निरर्थक असते. रात्रभर नांगरावर उभी असलेली बोट, सकाळची वेळ, थंड इंजिन, सगळे ऑइल खाली तळाशी उतरलेले, ही सर्वांत चांगली परिस्थिती.

डिपस्टिक काढावी, पांढऱ्या टिश्यू पेपरने पुसावी, पूर्ण आत घालावी, पुन्हा काढावी आणि मगच वाचावी. पहिल्यांदा काढताना ऑइल नळीच्या कडेला लागलेले असते आणि पातळी चुकीची दिसते. दोन खुणांच्या मध्ये कुठेही असली तरी इंजिन चालवण्यास हरकत नाही. वरच्या खुणेवर आणून ठेवण्याचा हट्ट करू नये. इंजिन बंद केल्यावर लगेच पाहिले तर ऑइलचा बराचसा भाग अजून वर असतो आणि पातळी खोटी, कमी दिसते; अशा वेळी निदान दहा मिनिटे थांबावे. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण मी पाहिलेल्या अनेक गोंधळांचे मूळ इथेच होते. एका कुटुंबाने इंजिन बंद केल्याबरोबर डिपस्टिक पाहिली, घाबरून लिटरभर ऑइल ओतले, आणि दुसऱ्या दिवशी पातळी वरच्या खुणेच्या बोटभर वर गेली. जास्त ऑइल हे कमी ऑइलइतकेच वाईट असते. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, त्यात बुडून ते घुसळतो, फेस होतो, फेसाळलेल्या ऑइलचा दाब धड राहत नाही, आणि ते इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून हवेच्या वाटेने परत इंजिनात ओढले जाते. डिझेल इंजिन अशा वेळी स्वतःच्याच ऑइलवर चालू लागू शकते, आणि मग चावी फिरवून ते थांबत नाही.

रंगाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण लोकांची भीती आणि खरा धोका यांची इथे उलटापालट होते. डिझेल इंजिनाचे ऑइल बदलल्यावर काही तासांतच काळे पडते. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. काळा रंग पाहून चिंता करू नये. चिंता करायची ती दुधाळ, कॉफीत दूध घातल्यासारख्या किंवा राखाडी रंगाची. याचा अर्थ ऑइलमध्ये पाणी आहे. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडा पांढरट साय असल्यासारखा थर दिसला आणि डिपस्टिकवरचे ऑइल मात्र स्वच्छ असले, तर तो बहुधा इंजिन थोडाथोडा वेळच चालल्याने जमलेला दमटपणा असतो. त्याची नोंद करून पुढे जावे. डिपस्टिकवरचेच ऑइल दुधाळ असेल तर इंजिन सुरू करू नये आणि बोटीच्या मालकांच्या तळाला ताबडतोब फोन करावा. समुद्राचे पाणी बेअरिंगांत आणि सिलिंडरांत जितके तास राहील तितके इंजिन खराब होत जाते, म्हणून हा फोन न्याहारीनंतर करण्याचा नाही.

पातळी वाढलेली दिसणे ही आणखी एक खूण लोक दुर्लक्षित करतात. ऑइल कधी आपोआप वाढत नाही. वाढले असेल तर त्यात पाणी मिसळते आहे किंवा डिझेल. डिझेल मिसळले असेल तर ऑइल पातळ लागते, त्याला डिझेलचा वास येतो, आणि टिश्यूवर टाकलेल्या थेंबाभोवती फिकट कडे पसरत जाते. इंधन चढवणाऱ्या पंपाचा पडदा फाटणे हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे. दोन्ही प्रसंगी तळाला कळवण्याआधी इंजिन चालवू नये.

पाणी आत शिरण्याचे एक कारण भाडेकरूच्या हातून घडते, म्हणून ते इथेच सांगतो. इंजिन लवकर सुरू होत नसले तर लोक चावी पुन्हा पुन्हा फिरवत राहतात. प्रत्येक वेळी थंड करण्यासाठीचा पंप समुद्राचे पाणी ओढून सायलेन्सरमध्ये टाकत असतो, पण इंजिन चालत नसल्याने ते बाहेर फेकणारा धूर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटे सिलिंडरांत उतरते. दोनतीन प्रयत्नांत इंजिन सुरू झाले नाही तर समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करावा, मग कारण शोधावे, आणि इंजिन सुरू होताक्षणी व्हॉल्व्ह उघडावा. तो उघडण्याची आठवण राहावी म्हणून मी चावीच त्या व्हॉल्व्हला लटकवून ठेवायला सांगत असे. अशा वेळी एक जण व्हॉल्व्हपाशी आणि एक जण वर चावीपाशी हवा.

आता गिअरबॉक्स. बहुतेक लोक तो पाहतच नाहीत, म्हणून मला त्याच्याबद्दल अधिक काळजी वाटते. इंजिन थोडेफार ऑइल जाळते. दोनचार दिवसांत डिपस्टिकवर किंचित घट दिसणे स्वाभाविक आहे. गिअरबॉक्स ऑइल जाळत नाही. तिथली घट म्हणजे गळतीच, दुसरे काहीही नाही. इंजिनात तीनपासून पाचएक लिटर ऑइल असते, तर या आकाराच्या बोटींवरच्या लहान गिअरबॉक्समध्ये ते साधारण अर्ध्या लिटरच्या आसपास असते; म्हणजे पेलाभर गळाले तरी मोठा हिस्सा गेला. आणि इंजिनाला ऑइलच्या दाबाचा दिवा आणि भोंगा असतो, तसा लहान गिअरबॉक्सला बहुधा काहीच नसतो. तो कमी पडल्याचे पहिल्यांदा कळते ते गिअर टाकल्यावर बोट उशिराने हलते तेव्हा, किंवा बंदरात मागे घेताना ती हलतच नाही तेव्हा.

आधी आपल्या बोटीवर कोणता प्रकार आहे ते पाहावे. इंजिनामागून शाफ्ट, म्हणजे लांब दांडा, तिरका खाली पाण्यातल्या पंख्याकडे (प्रोपेलरकडे) जात असेल तर मागे जोडलेला लहान धातूचा डबा म्हणजे गिअरबॉक्स. शाफ्ट दिसत नसून इंजिनामागून एक पाय थेट बोटीच्या तळातून खाली पाण्यात उतरत असेल तर तो सेलड्राइव्ह. हल्लीच्या पुष्कळ बोटींवर हाच असतो, आणि त्याची डिपस्टिक अनेकदा मागच्या केबिनच्या बिछान्याखालची फळी उचलल्यावर सापडते. ती कुठे आहे, ती फिरवायला कोणता पाना लागतो आणि तो पाना बोटीवर आहे का, हे बोट ताब्यात घेताना त्या माणसाला दाखवायलाच लावावे. शनिवारी संध्याकाळी हे पाच मिनिटांचे काम असते. बुधवारी एखाद्या निर्जन खाडीत ते अर्ध्या दिवसाचे होते. कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची जोडबोट, घेतल्यास दोन इंजिने आणि दोन सेलड्राइव्ह असतात, म्हणजे चार डिपस्टिका. एका बाजूचे पाहून दुसऱ्या बाजूचे तसेच असेल असे धरू नये.

गिअरबॉक्सची डिपस्टिक बहुधा आटे असलेली असते, आणि इथे एक बारकावा आहे. झेडएफ कंपनीच्या लहान गिअरबॉक्समध्ये आणि यानमारच्या केएम मालिकेत माप घेताना ती फिरवून घट्ट करायची नसते. ती पुसून, छिद्रात सरळ ठेवून, आटे कडेवर टेकवून, लगेच वर काढून वाचायची असते. घट्ट करून पाहिली तर ती अधिक खोल जाते आणि ऑइल प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. म्हणजे कमी असूनही पुरेसे आहे असा समज होतो. वाचून झाल्यावर मात्र ती नीट घट्ट बसवावी आणि खालचे वॉशर किंवा रबरी कडे जागेवर आहे ना ते पाहावे, कारण कित्येक गळत्या तिथूनच सुरू होतात. सेलड्राइव्हच्या मॉडेलांत पद्धत वेगवेगळी असते, म्हणून त्याची पुस्तिका उघडून पाहावी. ती बोटीवरच्या कागदपत्रांच्या फायलीत असते. कोणत्याही कारणाने पद्धतीबद्दल खात्री झाली नाही, तरी रोज एकाच पद्धतीने पाहावे, म्हणजे फरक तरी कळेल.

ऑइलचा प्रकार हा गिअरबॉक्समधला सर्वांत घातक गोंधळ आहे. झेडएफच्या लहान गिअरबॉक्समध्ये एटीएफ, म्हणजे मोटारींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये असते ते लाल, पातळ ऑइल घालतात. यानमारच्या केएम मालिकेत इंजिनाचेच ऑइल चालते. सेलड्राइव्हमध्ये मॉडेलप्रमाणे कधी जाड गिअर ऑइल असते तर कधी १५ डब्ल्यू ४० इंजिन ऑइल. यांतले क्लच त्या त्या ऑइलच्या घर्षणावर जुळवलेले असतात. चुकीचे ऑइल पडले तर क्लच घसरू लागतो किंवा गिअर अडतो. म्हणून शनिवारीच विचारावे की इंजिनात कोणते, गिअरबॉक्समध्ये कोणते, आणि दोहोंचे सीलबंद डबे बोटीवर आहेत का. डब्यांवर मार्करने मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे, कारण घाईच्या वेळी दुसरेच कोणीतरी ओतत असते.

लाल रंगावरून एक प्रसंग सांगतो. मेगानिसी बेटाजवळ एका बोटीचा पुढचा गिअर लागेनासा झाला म्हणून मला बोलावले होते. गिअरबॉक्स जवळजवळ कोरडा होता, मागच्या सीलमधून, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या कड्यातून, एटीएफ गळून गेले होते. बोटीवरच्या मंडळींनी इंजिनाखालच्या ट्रेमध्ये लाल थेंब सोमवारीच पाहिले होते, पण ते रेडिएटरच्या कूलंटचे असावेत असे समजून पुसून टाकले, आणि त्यांचा तर्क अगदीच अवास्तव नव्हता, कारण काही कूलंटही लाल-गुलाबी असते. ओळखण्याची सोपी रीत अशी की, थेंब पेल्यातल्या पाण्यात सोडावा. कूलंट पाण्यात विरघळून जाते. ऑइल वर तरंगते. बोटांत चोळल्यावरही ऑइल निसरडे लागते आणि कूलंट पाणचट, चिकट. ही एक मिनिटाची चाचणी त्या दिवशी झाली असती, तर गुरुवारी क्लच जळाला नसता. त्यासाठी पहिल्याच दिवशी इंजिनाखालचा ट्रे कोरडा पुसून ठेवावा आणि गिअरबॉक्सखाली पांढरा टिश्यू अंथरावा. तो चालत्या पट्ट्यापासून दूर असावा आणि रोज काढून नवा ठेवावा. थेंब पडला तर कुठून आणि कोणत्या रंगाचा, हे तोच दाखवतो.

गिअरबॉक्सचे ऑइल दुधाळ किंवा गुलाबीसर दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले आहे. काही गिअरबॉक्सना समुद्राच्या पाण्यावर चालणारा ऑइल कूलर असतो, तो आतून खाल्ला गेला की असे होते. सेलड्राइव्हमध्ये पंख्याच्या शाफ्टवरचे सील खराब झाले की पाणी आत येते, आणि तिथे पातळी कमी होण्याऐवजी वाढते. मासेमारीची तंगूस पंख्यात अडकून सील कापली जाणे हे त्याचे नेहमीचे कारण आहे. तेव्हा पंख्यात दोरी किंवा जाळे अडकल्याचा प्रसंग घडला असेल तर पुढचे दोन दिवस हे ऑइल अधिक लक्ष देऊन पाहावे. ही सील बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय बदलता येत नाहीत, त्यामुळे प्रवास पुढे चालू ठेवायचा की जवळच्या बंदरात थांबायचे, हा निर्णय तळाने घ्यावा, आपण नव्हे. एटीएफला जळका वास येत असेल आणि रंग तपकिरी झाला असेल तर क्लच तापून घसरतो आहे. तेही त्याच दिवशी कळवावे.

भरण्याबाबत माझा नियम असा आहे. इंजिनाची पातळी खालच्या खुणेजवळ आली असेल तर योग्य प्रकारचे ऑइल पाव लिटरपेक्षा कमी घालावे, पाच-दहा मिनिटे थांबावे, पुन्हा पाहावे, आणि मधल्या पातळीवर समाधान मानावे. किती घातले ते लिहावे. दोन दिवसांत दुसऱ्यांदा भरावे लागले तर तळाला कळवावे. गिअरबॉक्समध्ये मात्र एक थेंबही भरण्याआधी फोन करावा, कारण गळती शोधल्याशिवाय भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे आहे. कळवले तर आपल्यावरच दोष येईल या भीतीने पुष्कळ भाडेकरू गप्प राहतात. माझा अनुभव उलट आहे. सकाळी आठ वाजता मिळालेल्या फोनवर मेकॅनिक दुपारपर्यंत लहान होडीने येऊन सील किंवा पाइप बदलून जातो, आणि कोणी अनामत रकमेचा विषयही काढत नाही.

सांडलेले ऑइल बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचते त्या जागेत, जाऊ देऊ नये. तिथला पंप आपोआप चालू होतो आणि ते पाण्यासह थेट समुद्रात टाकतो. त्या निळ्या खाड्यांत तेलाचा तवंग पसरणे वाईट आहेच, शिवाय बंदरात त्यासाठी दंड होऊ शकतो. भरताना नरसाळे वापरावे, खाली कापड धरावे, आणि ते कापड पिशवीत बांधून बंदरावरच्या तेलकट कचऱ्याच्या पिंपात टाकावे.

चावी फिरवतानाचे एक निरीक्षण याच तपासणीचा भाग समजावे. चावी पहिल्या टप्प्यावर आणली की बहुतेक पॅनेलवर ऑइलच्या दाबाचा दिवा लागतो आणि भोंगा वाजतो, आणि इंजिन सुरू होताच दोन्ही थांबतात. चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही किंवा भोंगा वाजला नाही, तर सगळे ठीक आहे असे समजू नये. इशारा देणारी यंत्रणाच बंद पडलेली असू शकते. चालत असताना हा भोंगा वाजला तर न्यूट्रल करून इंजिन लगेच बंद करावे, शीड थोडे उघडून किनाऱ्यापासून दूर व्हावे किंवा नांगर टाकावा, आणि दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. दाब गेल्यावर पुढच्या बंदरापर्यंत पोहोचू, या आशेने चालवलेली इंजिने मी नंतर उघडली आहेत. त्यांच्या बेअरिंगांत दुरुस्त करण्याजोगे काही उरलेले नव्हते.

नोंदीसाठी मोठी वही नको. रोज सकाळी दोन्ही डिपस्टिका पांढऱ्या टिश्यूवर ठेवून मोबाइलने एकेक छायाचित्र घ्यावे आणि त्याच वेळी तासमापकाचेही. छायाचित्रासोबत तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते, आणि आठवड्याच्या शेवटी सात दिवस एकाखाली एक पाहता येतात. हे काम बोटीवरच्या एकाच व्यक्तीकडे सोपवावे, पाळीपाळीने करू नये, कारण प्रत्येकाची वाचण्याची सवय थोडी वेगळी असते. पहिल्या सकाळी पंधरा मिनिटे लागतील, तिसऱ्या दिवसापासून पाच. बोट परत देताना ही छायाचित्रे आणि किती ऑइल घातले त्याचा आकडा तळावरच्या मेकॅनिकला दाखवावा. मी तिथे असताना आठवड्याभरात इंजिनाने इतके ऑइल घेतले असा नेमका आकडा देणारे भाडेकरू फार थोडे भेटले, आणि त्यांच्या बोटीचे इंजिन मी त्या शनिवारी सर्वांत आधी उघडून पाहत असे.